तळाशी नाव नसलेली फुलदाणी

हा लेख वाचण्यापूर्वी एक छोटेसे काम करा. स्वयंपाकघरातील चिनी मातीचा एखादा कप उलटा करून पाहा. तळाशी कारखान्याचे नाव किंवा एखादे चिन्ह छापलेले दिसेल. आता आईला विचारून काचेच्या कपाटातील एखादी जुनी शोभेची वस्तू, हत्ती म्हणा, बाहुली म्हणा, तशीच अलगद उलटी करा. पुष्कळदा तिचा तळ कोरा असतो. मग ती कोणी घडवली, कोठे घडवली, कशाची घडवली, हे कोणाला विचारायचे?

वस्तूलाच विचारायचे! ती उत्तर देते, फक्त तिची भाषा आपल्याला समजली पाहिजे. ही भाषा पदार्थविज्ञानाची आहे. मला ती एका फुटलेल्या फुलदाणीने शिकवली. ती फोडली होती मीच.

आमच्या आजीच्या गिरगावातील चाळीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, फिरोजी रंगाच्या दोन फुलदाण्या होत्या. वीतभर उंचीच्या, पोटाशी गोल आणि गळ्याशी निमुळत्या. १९५२ साली आजीचे लग्न झाले तेव्हा तिच्या थोरल्या भावाने ही जोडी दिली होती. ते परळच्या एका कापड गिरणीत रंगखात्यात कामाला होते. पहिल्या बोनसमधून त्यांनी ती चोर बाजारात घेतली, एवढेच आम्हाला ठाऊक. १९८२ च्या गिरणी संपात त्यांचे काम सुटले, ते कोकणात गावी गेले आणि परत मुंबईला आले नाहीत. त्यांचा एक धड फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. आजीपाशी त्यांची आठवण म्हणून होती ती ही जोडीच.

१९९० च्या दिवाळीची साफसफाई चालू होती. मी नऊ वर्षांची होते. हात लावू नकोस असे बजावलेले असतानाही मी स्टुलावर चढून फुलदाणी पुसली आणि जागेवर ठेवताना तिचा काठ फळीवर आपटला. आजी धावत आली. ओरडली नाही. "आधी पायात चपला घाल, तुकडे लागतील," एवढेच म्हणाली. तिने सगळे तुकडे वेचून डालडाच्या डब्यात भरले आणि डबा माळ्यावर टाकला. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

२०२३ मध्ये चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली आणि आजी दादरला आमच्याकडे राहायला आली. सामान आवरताना तो डबा सापडला. उरलेली एकटी फुलदाणी आणि तो डबा समोर ठेवून मी ठरवले, हिची जोडीदारीण शोधायची. पण कशाची जोडीदारीण? तळ कोरा होता. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर तीन दुकानांत विचारले. एक म्हणाला जपानी, दुसरा म्हणाला जयपूरची, तिसरा म्हणाला इराणी. तिघेही अगदी खात्रीने बोलत होते! तीन उत्तरे मिळाली म्हणजे आपल्यापाशी तीन तर्क आहेत, ज्ञान अजून नाही. तर्क तपासायला प्रयोग हवा.

तळ कोरा का असतो?

आधी हे पाहू. तळाशी देशाचे नाव घालण्याची पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेने १८९० साली कायदा करून आयात मालावर त्याच्या देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. आपल्याकडेही १८८९ साली मालावरील खुणांविषयी कायदा झाला. अमेरिकेत जाणाऱ्या जपानी वस्तूंवर १८९१ पासून 'निप्पॉन' असे लिहीत. १९२१ पासून 'जपान' लिहू लागले. म्हणजे तळावरचा एक शब्दही काळ सांगतो.

पण नाव नसणे हा कशाचाच पुरावा नव्हे. काही कारखाने कागदी चिठ्ठी चिकटवीत. दोनतीनदा धुतली की ती निघून जाई. गावातल्या कुंभाराला तर नाव घालण्याची गरजच वाटत नसे, कारण गिऱ्हाईक त्याला ओळखतच असे. जोडीतल्या एकीवर खूण आहे आणि दुसरीवर नाही, असेही घडते. म्हणून कोऱ्या तळाकडे पाहून निराश होऊ नका. बाकीची वस्तू अजून आपल्या हातात आहे.

टिचकी आणि टॉर्च

उन्हाळ्यात माठ घेताना घरातील मोठी माणसे त्यावर टिचकी मारून पाहतात ना? मी तेच केले. पोर्सलीनचा चांगला कप तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारली. 'टण्ण' असा लांबणारा नाद आला. फुलदाणीवर मारली तर 'ठक्' असा बद्द आवाज.

असे का? पोर्सलीन सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. त्या उष्णतेत मातीतील काही भाग वितळून काचेसारखा होतो, कणांमधल्या फटी भरून टाकतो आणि सगळे एकजीव होते. अशा घट्ट पदार्थात कंपने बराच वेळ टिकतात. साधी माती १००० ते ११५० अंशांच्या आसपास भाजतात. तिच्या कणांमध्ये छिद्रे राहतात, आणि कंपनांची ऊर्जा तेथे लवकर जिरते. मात्र सावध राहा. भांड्याला तडा गेला असेल तर पोर्सलीनही बद्दच वाजते. एका चाचणीवर निकाल देऊ नये, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा येथेही लागू आहे.

मग दुसरी चाचणी केली. खोलीत अंधार करून कपात मोबाईलचा टॉर्च धरला. कपाची भिंत दुधासारखी उजळली. फुलदाणीत धरला तर बाहेर काळोख. पातळ पोर्सलीनमधून प्रकाश थोडा आरपार येतो, मातीच्या भांड्यातून येत नाही. 'जपानी पोर्सलीन' हा तर्क डळमळू लागला.

ठिकरीची साक्ष

आता डालडाचा डबा उघडला. फुटलेली वस्तू आपण फेकून देतो, पण शोध घेणाऱ्याला फुटलेली कडच सर्वांत जास्त सांगते. अखंड भांडे फक्त कातडी दाखवते. ठिकरी आतले सगळे दाखवते.

भिंगाखाली कडेला तीन थर दिसले. सर्वांत आत सुमारे ७ मिलिमीटर जाडीची तांबूस माती, तिच्यावर कागदाइतका पातळ पांढरा थर आणि त्याच्यावर फिरोजी काचेचा थर. या काचेच्या थराला झिलई म्हणतात. कुंभारकाम शिकवणारे त्यालाच ग्लेझ म्हणतात.

पोर्सलीन आतूनही पांढरेशुभ्र असते, त्यामुळे जपानी पोर्सलीन बाद. जयपूरच्या निळ्या भांड्यांचा घाट आणि रंग मोहात पाडतो, पण गंमत अशी की ती भांडी नेहमीच्या मातीची नसतात. गारगोटीची भुकटी, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांचे मिश्रण साच्यात दाबून ती करतात. त्यांची कडही फिकी असते, तांबूस नसते. जयपूरही बाद!

याच वेळी मी एक ठिकरी घेऊन धारावीच्या कुंभारवाड्यात गेले. एका वयस्कर कुंभारकाकांनी ठिकरीच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, "चाकावरची आहे." आत बोटांच्या दाबाच्या बारीक आडव्या लाटा होत्या. मला त्या दिसल्या होत्या, पण समजल्या नव्हत्या. साच्यातल्या वस्तूला बहुधा दोन भाग जोडल्याची उभी शिवण असते. चाकावरच्या वस्तूला अशा आडव्या लाटा असतात. कुंभारकाकांचा अंगठा हे माझ्या भिंगापेक्षा चांगले उपकरण होते.

पाणी काय म्हणते?

आता मोजमाप. एक मोठी ठिकरी उन्हात खडखडीत वाळवून तोलली. भरली ४२ ग्रॅम. मग ती दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली, बाहेर काढून ओल्या फडक्याने टिपली आणि पुन्हा तोलली. ४७ ग्रॅम. म्हणजे ४२ ग्रॅम ठिकरीने ५ ग्रॅम पाणी प्यायले, सुमारे १२ टक्के. पोर्सलीन अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते.

ती भिजलेली ठिकरी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोलली, तेव्हा वजन भरले २५ ग्रॅम. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हाला माहीत आहे. वजनातली घट, म्हणजे ४७ वजा २५, २२ ग्रॅम. एवढ्या वजनाचे पाणी ठिकरीने बाजूला सारले, म्हणून तिचे घनफळ २२ घन सेंटिमीटर. कोरडे वजन ४२ ला २२ ने भागले की घनता मिळते सुमारे १.९. पोर्सलीनच्या कपाच्या तुकड्याची घनता याच पद्धतीने मला २.४ मिळाली. (ठिकरी आधी का भिजवायची, ते सांगा पाहू! कोरडी बुडवली तर तोलता तोलता छिद्रांतून बुडबुडे निघतात आणि काटा स्थिर राहत नाही.)

आकडे पाहताना मला आजीचे एक वाक्य आठवले. ती त्या फुलदाण्यांत नेहमी कागदी फुले ठेवीत असे. "पाणी घातले की खालचा रुमाल ओला होतो," असे ती म्हणायची. लहानपणी मला ती खोड वाटे. ते निरीक्षण होते! आतली माती सच्छिद्र, झिलईला केसासारख्या भेगांचे जाळे, मग पाणी पाझरणारच. मी २०२३ साली तराजूने जे शोधले, ते आजीने १९५२ मध्ये रुमालाने शोधले होते.

रंगाची भाषा

फिरोजी रंग कोठून येतो? तांब्यापासून. मोरचुदाचा निळा रंग तुम्ही प्रयोगशाळेत पाहिला आहे. झिलईतही तांब्याचे आयन पांढऱ्या प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतात आणि उरलेला निळा-हिरवा भाग आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पण तांब्याचे शेजारी बदलले की रंग बदलतो. झिलईत सोडियम-पोटॅशियमचे क्षार भरपूर असतील तर फिरोजी छटा येते, शिसे असेल तर पानासारखी हिरवी येते, आणि भट्टीत प्राणवायू कमी पडला तर तेच तांबे लालही होते. म्हणजे आमच्या फुलदाणीत तांबे, क्षारयुक्त झिलई आणि मोकळी हवा मिळालेली भट्टी होती.

तांबूस माती, तिच्यावर पांढरे अस्तर आणि वर क्षारयुक्त फिरोजी झिलई, ही रीत सिंध आणि मुलतानच्या कुंभारांची. मग ती मुंबईत कशी आली?

त्यासाठी गिरगावापासून फार लांब जावे लागत नाही. धोबीतलावाच्या पुढे सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा आहे, जी १८५७ साली सुरू झाली. तेथे १८६५ साली शिल्पकला शिकवायला आलेले जॉन लॉकवूड किपलिंग यांनी तरुणपणी इंग्लंडमधील स्टॅफर्डशर या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात काम केले होते. ('जंगल बुक' लिहिणारे रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे चिरंजीव. त्यांचा जन्म मुंबईचाच.) पुढे १८७० च्या दशकात कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी सिंधी कुंभारांच्या मदतीने तेथे झिलईदार भांड्यांचे काम सुरू केले. त्याच सुमारास, १८७२ ते १८८५ या काळात, जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. त्या चित्रांतले प्राणी, वेली आणि माणसे भांड्यांवरही उतरली. ही 'बॉम्बे पॉटरी' पाहायची असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहात ती आहे. हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ पासून या नावाने ओळखले जाते.

मग आमची फुलदाणी मुंबईची की सिंधची? वस्तूने 'मी कोण नाही' हे स्पष्ट सांगितले होते. ती जपानी पोर्सलीन नव्हती, जयपूरचीही नव्हती. ती या सिंध-मुंबई घराण्यातली वाटत होती. याहून पुढचे एक पाऊल टाकायला मजकडे पुरावा नव्हता, म्हणून मी ते टाकले नाही. 'कलाशाळेत घडली' असे म्हणायला मन फार ओढ घेत होते, हे कबूल करते. पण मन ओढते तेथेच वैज्ञानिकाने थांबायचे असते. क्ष-किरणांच्या साहाय्याने झिलईतील मूलद्रव्ये ओळखता येतात, मातीतील साठलेल्या ऊर्जेवरून तिच्या भाजणीचा काळही काढता येतो. परंतु काळाच्या त्या मापनात दहा-वीस टक्क्यांची चूक सहज राहते, आणि हातच्या वस्तूतून माती कोरून काढावी लागते. एका घरगुती फुलदाणीसाठी ते योग्य नव्हे.

दुसरी घडवायची तर

बाजारात तशीच दुसरी मिळेना. मग परळला कुंभारकाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "करू या. पण आधी मोठी करावी लागेल."

कारण ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. त्यांची माती एकूण १० टक्के आकसत असे. भाजल्यावर फुलदाणी २० सेंटिमीटर उंच हवी, तर चाकावर किती उंच करायची? २२ म्हणाल तर चुकाल. २२ मधून १० टक्के गेले की १९.८ उरतात. २० ला ०.९ ने भागा, उत्तर २२.२. आणि घनफळ? ०.९ चा घन ०.७२९, म्हणजे पोटातली जागा चौथाईहून जास्त कमी होते! यातून जुन्या वस्तूंची नक्कल ओळखण्याची एक युक्तीही मिळते. मूळ वस्तूवरून साचा काढून मातीची नक्कल केली तर ती मूळ वस्तूपेक्षा लहान भरते.

रंगाने जास्त छळले. पहिल्या खेपेला तयार झिलई लावली. ती हिरवट आली आणि नव्या बादलीसारखी चकचकीत दिसली. दुसऱ्या खेपेला क्षारयुक्त झिलई केली. रंग जमला, पण पृष्ठभागावर इतक्या भेगा पडल्या की सगळी धूसर दिसू लागली. झिलई आणि माती या दोन्ही थंड होताना आकुंचन पावतात. झिलईचा प्रसरणांक मातीपेक्षा जास्त असेल तर तिला जास्त आकसायचे असते, पण खालची माती तिला सोडत नाही. ताण असह्य झाला की झिलई तडकते. बाईंनी झिलईत गारगोटीची भुकटी थोडी वाढवली, त्यामुळे तिचा प्रसरणांक उतरला. तिसऱ्या खेपेला भेगांचे जाळे जुन्या फुलदाणीइतकेच विरळ आले.

भट्टीत घालण्यापूर्वी, माती ओलसर होती तेव्हा, मी तळाशी काडीने कोरले: बाईंचे नाव, 'परळ, मुंबई' आणि '२०२४'. नक्कल कितीही हुबेहूब असो, ती नक्कल आहे हे तिने स्वतः सांगितले पाहिजे. नाही तर पन्नास वर्षांनी कोणीतरी तिला जुनी समजेल आणि आपणच एक खोटा पुरावा मागे ठेवून जाऊ.

तुम्हालाही घरी असा शोध घ्यायचा असेल तर दोन गोष्टी पाळा. पाण्याची चाचणी फक्त फुटक्या तुकड्यावर करा. अखंड जुनी वस्तू भिजवू नका, जुना जोड सुटू शकतो आणि वरचे रंग उडू शकतात. जुन्या झिलईदार भांड्यांत खाऊ-पिऊ नका, झिलईत शिसे असण्याचा संभव असतो. आणि चाचण्यांच्या आधी घरातील सर्वांत वडील माणसाशेजारी वही घेऊन बसा. वस्तू कोणी दिली, केव्हा दिली, कोठून आणली, हे एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद वस्तूच्या आत ठेवा. घनता आणि सच्छिद्रता शंभर वर्षांनीही मोजता येईल. हे मात्र फक्त आजच विचारता येते.

नवी फुलदाणी मी आजीच्या हातात दिली. ती आता नव्वदीच्या पुढे आहे. तिने ती खिडकीशी नेऊन उजेडात फिरवली, मग उलटी केली आणि तळावरची अक्षरे बोटाने चाचपली.

"रंग दादाच्याच फुलदाणीचा आहे," ती म्हणाली. "आणि नाव घातलेस ते बरे केलेस. ही तुझी, ती त्याची. दोन्ही शेजारी ठेव."

दोन्ही शेजारी ठेवल्या आहेत. डालडाचा डबाही मी फेकलेला नाही. त्यावर चिठ्ठी लावली आहे: 'आजीच्या भावाने दिलेली फुलदाणी, १९५२. मी फोडली, १९९०.'